लेथवरचा गोरा

गोरवा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची वेबसाइट हे माझे पहिले काम. त्यात मी एका माणसाचा चेहरा पुसला आणि दोष दुसऱ्यावर ढकलला, हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

फोटोसाठी तिथल्या लेथ मशीनवरच्या कारागिराने हात धुतले, केस विंचरले आणि मशीनवर अलगद हात ठेवला. मला तो पुरेसा आधुनिक वाटला नाही. त्याच्या जागी मी तयार फोटोंच्या सीडीवरचा हसरा, गोरा परदेशी कामगार बसवला.

पुढे चहाच्या हातगाडीवर तो कारागीर मला म्हणाला, "काय भाई, तो गोरा वेळेवर येतो ना कामावर? मुलीला माझा फोटो दाखवायला सायबर कॅफेत घेऊन गेलो, तर माझ्या जागी तोच."

मालकांनीच फोटो बदलायला सांगितले, असे मी म्हणालो. त्याने मान डोलावली, माझ्या चहाचेही पैसे दिले.

इतक्या वर्षांनी परवा शेजारच्या सुभानपुऱ्यात तो दिसला, तेव्हा मी त्याला थांबवले. "तुमचा फोटो मालकांनी नाही, मीच बदलला होता. चुकलो. मला माफ करा."