लग्नाला गेलेलं जातं

आमच्या संग्रहालयात कुणी आलं, की शेवंताकाकू आधी त्याच्या चपलांकडे पाहायच्या, मग तोंडाकडे. "चिखल भायेर झटका, पावणं. आत सातवाहन हायेत."

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात, शाळेच्या रिकाम्या खोल्यांत मी ते संग्रहालय मांडलं होतं. खापरं, नाणी, एक वीरगळ आणि काकूंनी दिलेलं त्यांच्या सासूचं जातं. जात्यामागोमाग काकूही आल्या आणि देखरेखीला राहिल्या.

घरोघरी मिक्सर आल्यामुळे गावात जातं असं हे एकच उरलं होतं. लग्नाची हळद मात्र जात्यावरच दळायची, तीही सुवासिनींनी, आंब्याची पानं बांधून. त्यामुळे लग्नसराईत आमची सगळ्यात देखणी वस्तू टेम्पोत बसून गावोगाव हिंडायची आणि रिकाम्या चौथऱ्यावर काकू पाटी ठेवायच्या, 'लग्नाला गेले आहे'. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "कधी येईल?" काकू म्हणाल्या, "वरात निघाली की. बसा, च्या घ्या."

स्वतः काकू मात्र प्रत्येक हळदीला दाराशीच उभ्या असायच्या. नवरा तरुणपणी गेलेला, आणि विधवेचा हात हळदीच्या जात्याला चालत नाही. पोटच्या लेकीची हळदही त्यांनी उंबऱ्याबाहेरून पाहिली. माझा संताप व्हायचा. त्या म्हणायच्या, "जातं माजं, फिरवायचं लोकांनी. आसूं द्या, सर." पण नातीचं, मनीषाचं लग्न ठरलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "योक डाव खुंट्याला हात लावावा वाटतो वो."

त्याच सुमाराला तपासणीला एक सरकारी साहेब आले. जातं नेमकं एका लग्नाला गेलेलं. साहेबांनी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली आणि जाताना भिंतीवर नियम लावून घेतले. वस्तू बाहेर नेऊ नये. कर्मचाऱ्यांखेरीज कोणीही वस्तूंना हात लावू नये.

काकूंनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

"कर्मचारी म्हंजी मीच ना?"

"तुम्हीच."

"आन् तुमी?"

"मी मानद."

"मंग झालं!"

जातं बाहेर जाईना, म्हणून हळद आत आली. मनीषाच्या हळदीला खोलीभर बाया जमल्या, काही वीरगळाला टेकून बसल्या. नवऱ्यामुलाची मावशी खुंट्याकडे सरसावली, तशी काकूंनी भिंतीकडे बोट केलं.

"हात लावाया मनाई हाय."

"मंग दळायचं कुणी?"

"कर्मचाऱ्यानं."

मावशी माझ्यावर उखडली. "आसं कुटं आसतं व्हय, सर? लई इपरीत हाय ह्ये!"

मी जमेल तेवढा सरकारी चेहरा करून म्हणालो, "नियम आहे."

शेवटी मनीषानंच उठून आजीच्या ओंजळीत हळकुंडं घातली. काकू पाय पसरून बसल्या. जातं फिरू लागलं. गाणं कुणी धरेना, म्हणून ओवीही त्यांनीच धरली. दुसऱ्या ओळीला मावशीचा आवाज मिसळला, कारण काकूंची चाल चुकत होती आणि मावशीला ते ऐकवेना.

पुढं आसपासच्या कितीतरी नवरा-नवरींना काकूंच्या हातची हळद लागली. लोक तिला सरकारी हळद म्हणायचे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मला फार एकटं वाटलं. तेरावा झाला आणि दुसऱ्या सकाळी संग्रहालय उघडायला गेलो, तर दाराशी गावातल्या तीन विधवा उभ्या.

"जागा एकच आहे," मी म्हणालो, "आणि पगार तर अजिबातच नाही."

"पगार कोन मागतंय?" त्यातली थोरली म्हणाली. "आमाला कर्मचारी म्हना, म्हंजी झालं."