आवाज तुटत होता

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आठ वर्षं झाली. आता लपवायचाही कंटाळा आला आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

मी ऊर्जानगरची, वडील वीज केंद्रात. कॉलेजात असताना चंद्रपूरला जपानीचा वर्ग लावला, तिथे जानकी भेटली. गडचिरोलीत एटापल्लीच्याही पुढच्या गावातली, गोंड घरातली. घरी गोंडी, शाळेत मराठी – आणि जपानी तर तिच्या तोंडात अशी बसली, की सर तिलाच वाचायला उभं करायचे. मी? मी पाठांतरावर चालायचे.

जपानमधल्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी आम्हा दोघींची निवड झाली. एकच खोली. मला अक्षरं आठवली नाहीत की जानकी माझ्या तळहातावर बोटानं काढून दाखवायची. रविवारी तिचे बाबा रेंज मिळते त्या टेकडीवर चढून फोन करायचे, “आज काय शिकली?” विचारायचे. ती एखादं जपानी वाक्य म्हणायची. ते काही न समजता हसायचे – मलाही ऐकू यायचं ते हसू.

चौथ्या आठवड्यात तिचा फोन पाण्यात पडून बंद झाला. घरी तिनं माझा नंबर दिला.

शेवटच्या शुक्रवारी जोडीनं भाषण होतं. पहिल्या जोडीला पुढे वर्षभराच्या अभ्यासाची संधी. आमचं भाषण तिनंच लिहिलेलं. मी अडले तर ती सावरणार, हे ठरलेलं. तिच्याशिवाय मी काय बोलणार होते तिथे?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. जानकी आत, मी बाहेर. तिची मोठी बहीण, गडचिरोलीच्या दवाखान्यातून.

“बाबाची तब्येत लय बिघडली. डॉक्टर काही सांगून नाई राह्यले. बाबा तिचंच नाव घेऊन राह्यले – तिले फोन दे न, बाई. दोन शब्द बोलू दे.”

मी म्हणाले, “वर्ग चालू आहे, ताई. सांगते तिले.”

वर्ग चालू नव्हता. जानकी काचेच्या दारापलीकडे डबा उघडून माझी वाट बघत होती. वीस पावलं असतील. मी आत गेले, तिच्यासमोर बसले. “कोणाचा फोन?” तिनं विचारलं. मी म्हणाले, “घरचा.” आणि जेवले. हो – मी जेवले.

तेव्हा काय वाटलं मला? की ती लगेच निघेल, निदान रडेल, आणि उद्या मी एकटी उभी राहीन. एवढंच वाटलं. उद्या दुपारी सांगू, एका दिवसानं काय होतं – असं मनाशी म्हटलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा तोच नंबर. मी आवाज बंद करून फोन पिशवीत टाकला. आम्ही भाषण केलं. मी दोनदा अडले, दोनदा तिनं सावरलं. पहिला नंबर आला.

मग मी त्या नंबरवर फोन लावून जानकीला दिला. पहाटेच बाबा गेले होते.

बहिणीशी बोलल्यावर जानकीनं मला एकदाच विचारलं, “ताई म्हणते कालच फोन केला होता. काऊन नाई सांगितलं?”

“आवाज तुटत होता,” मी म्हणाले. “काहीच समजलं नाई.”

शब्द न् शब्द स्वच्छ ऐकला होता मी. पण तिनं मान्य केलं – तिचं अर्धं आयुष्य तुटणाऱ्या फोनवर गेलेलं. उलट माझाच हात धरून बसली.

वर्षभराचा अभ्यास मी केला. तिनं नाही, तिची आई एकटी पडली होती. मी आज पुण्यात जपानी शिकवते. ती एटापल्लीकडे शाळेत मराठी शिकवते. माझ्या लग्नाला दोन बस बदलून आली, सासूबाईंना म्हणाली, “माह्या बाबाच्या वेळी हिनंच मले सांभाळलं.” मी तेव्हा पंगतीत तिला वाढत होते. हात थांबला नाही माझा.

गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली. फोनवर म्हणाली, “ये न पाहाले, तू तर घरचीच.” मी येते म्हणाले.

जाईन. पाळण्याशी बसेन, तिच्या आईच्या पाया पडेन, जेवेन. सांगणार मात्र नाही – मला माहीत आहे.