वरच्या घरची चूल

संध्याकाळी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना दिसलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कडीला हॉटेलच्या जेवणाची पिशवी लटकत होती. त्या घरातले आजोबा सकाळीच गेले होते.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गेलं, की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात नेऊन देतात. कुणाला सांगावं लागत नाही. माझे वडील गेले तेव्हा तीन घरांतून पातेली आली होती, आणि भूक नाही म्हणत म्हणत मी दोनदा भात घेतला होता.

हे कुटुंब नवीन, आणि वेगळ्या धर्माचं. दुपारी जिन्यात आम्ही बायका हळू आवाजात बोलत होतो.

"त्यांच्यात आपलं चालत असेल का?"

"उगाच त्यांना अवघड व्हायला नको."

किती समजूतदार होतो आम्ही. वर जाऊन विचारू या, असं मात्र एकीच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर पिठलं करूनसुद्धा ठेवलं होतं.

मनात वाईट काही नव्हतं. देवापुढे दिवा लावताना मी रोज म्हणते, सगळ्यांचं भलं कर. त्या सगळ्यांत हे घरही आलंच. पण देवाला सांगायला जिना चढावा लागत नाही.

पिशवीपाशी जरा थांबले. आतून कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं. मी बेल वाजवली नाही.

खाली आले. पिठलं झाकलेलंच होतं. ते आम्हीच जेवलो. चांगलं झालं होतं.