सईच्या नावापुढची अक्षरं

मुंबईच्या विमानतळावर मी चाकाच्या खुर्चीत बसलो तेव्हा माझे पाय धड होते. आजही आहेत. पण राजूने, माझ्या मुलाने, तिकीट काढतानाच खुर्ची सांगून ठेवली होती. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांचं असंच करतात. इंग्रजी येत नाही, पाट्या कळत नाहीत, मग खुर्चीत घालायचं, म्हणजे ढकलणारा नीट दारापर्यंत नेऊन सोडतो. पुतण्या काचेपलीकडे उभा होता. त्याने हात केला. मी केला नाही, कारण दोन्ही हातांनी गळ्यातली पासपोर्टची पिशवी घट्ट धरली होती. ही सुटली तर आपण कोण हे इथे कुणालाच सांगता येणार नाही, एवढं एकच डोक्यात होतं. तुम्ही चिंचवडच्या कॉलनीतले लोक नंतर म्हणालात की तात्यांना काय, राजासारखे गेले बसून. राजासारखा नाही. पार्सलसारखा गेलो.

याआधी एकदा घर सोडलं होतं, तरणा असताना. सातारा जिल्ह्यातनं चिंचवडला फाउंड्रीत आलो. एसटीत बसवताना वडील म्हणाले होते, "भट्टीपाशी भीत जा. बाकी तुझं तू बघ." ती भीती सोपी होती. लाल दिसायची, अंगाला लागायची, लांब उभं राहिलं की कमी व्हायची. इथली तशी नाही. डच लोकांच्या देशात आल्मेरे नावाच्या ज्या गावात आम्ही राहतो ती सगळी जमीन समुद्र हटवून केलेली आहे, आपण पाण्याच्या पातळीखाली राहतो, असं राजूने मला पहिल्याच आठवड्यात कौतुकाने सांगितलं. तेव्हापासून मी नळ नीट बंद केलाय का ते दोनदा बघतो. हसा. पण मला हसू येत नव्हतं. मागून सायकल येते तिचा आवाज येत नाही. घरात एकटा असताना बेल वाजली की मी श्वास धरून बसायचो, माणूस जाईपर्यंत. सून मनीषा कामावर, राजू कामावर, नात सई शाळेत. दिवसभर मी आणि तो फ्रिज.

सिंधू, माझी बायको, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगतो की दवाखान्यात तिच्या डोक्याशी मशीनचा एक पडदा होता, त्यावर इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे. आकडे सारखे बदलायचे. मी स्टुलावर बसून तेच बघत राहायचो. कुठलं अक्षर कशाचं, आकडा वाढलेला बरा की उतरलेला बरा, कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला माझं तोंड उघडलं नाही. बाहेर एका पांढऱ्या फळ्यावर पेशंटची नावं होती. मी चहा घेऊन वर आलो तर तिच्या नावाच्या जागी दुसरंच नाव लिहिलेलं. मला आधी फळ्याने सांगितलं, माणसांनी नंतर.

मी चौथी शिकलेला. इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत, पण सुटी मोठी अक्षरं येतात. फाउंड्रीत साच्यात अक्षरं बसवावी लागायची, कंपनीची खूण, मालाचा नंबर. ती साच्यात उलटी असतात, ओतलेल्या मालावर सुलटी येतात. त्यामुळे मला ए टू झेड दोन्हीकडनं ओळखता येतं. या गोष्टीचा उपयोग सत्तरी ओलांडल्यावर होईल असं वाटलं नव्हतं.

सई बारा वर्षांची. ती होंकबल खेळते. म्हणजे अमेरिकेतलं ते बेसबॉल, इथे त्याला होंकबल म्हणतात. पोरंपोरी एकत्र खेळतात. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र बहुतेक डचमध्ये किंवा इंग्रजीत. सुरुवातीला आम्ही दोघं एकमेकांना फक्त बघायचो. ती मला घाबरायची की काय कोण जाणे, मी तर तिला घाबरायचोच. मग एक दिवस ती सोफ्यावर फोन घेऊन बसली होती आणि मी मागून बघितलं तर पडद्यावर अक्षरं आणि आकडे. मी विचारलं, हे कुणाचं आहे, कुणाला बरं नाही? ती म्हणाली, "नेई आबा," म्हणजे नाही, "हे माझं आहे. माझी मॅच."

तिने शिकवायला घेतलं. तिचं मराठी मोडकं, माझं डोकं जड. पण अक्षरं सुटी होती, शब्द नव्हते, म्हणून जमलं. एबी म्हणजे मारायची बारी. एच म्हणजे मारला आणि पळत पहिल्या ठिकाणी, बेसवर, पोचली. एचला एबीने भागलं की सरासरी, तिला एव्हीजी. चार बाऱ्यांत एकदा पोचली तर पाव, पण ते लोक आधी शून्य न लिहिता नुसतं टिंब देऊन दोनशे पन्नास लिहितात. मला वाटलं, पोरीने अडीचशे केले, आणि मी मनीषाला तसं सांगून हसं करून घेतलं. के म्हणजे तीनदा हुकून बाद. तोच के मारणाऱ्याच्या नावापुढे आला की वाईट आणि बॉल टाकणाऱ्याच्या नावापुढे आला की चांगला. सई बॉल टाकते, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही प्रकारचे के असतात.

बीबीवर आमचं भांडण झालं. चार बॉल वाकडे आले की मारणाऱ्याला न मारताच पहिल्या ठिकाणी सोडतात, ते बीबी. मी म्हटलं, हे फुकटचं. तिला राग आला. म्हणाली, समोरून बॉल येतो आणि तुम्ही हलायचं नाही, करून बघा आबा. उन्हात अंगणात उभं करून तिने माझ्यासमोरनं टेनिसचा बॉल नेला आणि मी खाली बसलो. ती इतकी हसली की शेजारच्या आन्के बाईंनी कुंपणावरून डोकावून बघितलं.

आणि ई. ई म्हणजे चूक. झेल सुटला, बॉल भलतीकडे फेकला, की ज्याच्या हातून झालं त्याच्या नावावर ई. पण ते कुणीतरी ठरवायचं असतं. तो बॉल धरण्यासारखा होता का, हे स्कोअर लिहिणारा ठरवतो. मी तिला विचारलं, धरण्यासारखा नव्हताच, मग? ती म्हणाली, "मग ई नाही. कुणाचाच नाही. इट्स जस्ट अ हिट." मी उठून पाणी प्यायला गेलो. एक वर्ष मी कुणाच्या तरी नावावर ती चूक लिहायला बघत होतो, डॉक्टरच्या, राजूच्या, माझ्या. पोरीला यातलं काही माहीत नाही, आणि सांगायचंही नाही.

एचबीपी शेवटी शिकवलं. म्हणजे बॉल मारणाऱ्याच्या अंगाला लागला. लागला तर ती बारी धरत नाहीत आणि पहिल्या ठिकाणी सोडतात. मी विचारलं, डोक्याला लागला तर? म्हणाली, हेल्मेट असतं. मी विचारलं, तोंडाला? तिने खांदे उडवले. त्या दिवसापासून मला झोपेत ती तीन अक्षरं दिसायला लागली. तिने माझ्या फोनवर ते अ‍ॅप टाकून दिलं होतं, म्हणजे मी घरी असलो तरी तिची मॅच अक्षरांत बघता यावी. राजूला वाटायचं, आबा नुसते रंग बघत बसतात.

आता त्या शनिवारचं सांगतो. मॅच लांब, झूटरमेर नावाच्या गावी होती. राजूच्या गाडीत सई, बाकीची पोरं आणि सामान, मला जागा नव्हती. मनीषा गणपतीच्या ढोलाच्या सरावाला अ‍ॅमस्टेलव्हीनला गेली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन उभा करून बसलो. सईचं नाव मारायला आलं. एक वाकडा, एक सरळ, आणि मग तिच्या नावापुढे एचबीपी.

मी थांबलो. तिचं नाव पहिल्या ठिकाणी सरकायला हवं होतं. सरकलं. आणि लगेच तिथून गेलं. त्या जागी दुसऱ्या पोराचं नाव आलं, पुढे दोन अक्षरं, सीआर. ही तिने शिकवलेली नव्हती.

मी राजूला फोन केला. वाजला आणि कट झाला. परत केला, परत कट. मनीषाचा नुसता वाजत राहिला. फोन टेबलावर ठेवून मी एका बोटाने परत परत दाबत राहिलो. बॉल लागला, नाव गेलं, आणि राजूचा फोन कट होतोय. म्हणजे तो अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आहे. दुसरा अर्थच मला लागेना. त्या फळ्यासमोर चहा धरून उभा होतो तेव्हा जे अंगातून गेलं, तेच गेलं.

इथे न सांगता कुणाच्या दारात जात नाहीत, आधी विचारून ठरवून जातात, हे मनीषाने मला पाठ करून घेतलं होतं. मी स्लीपर घालून, बनियनवर, आन्के बाईंची बेल दाबली आणि दाबतच राहिलो. त्या माझ्याच वयाच्या, एकट्या असतात. दार उघडलं. मी फोन पुढे केला, मांडीवर, छातीवर, डोक्यावर हात मारून दाखवला आणि सई, सई म्हणत राहिलो. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी मला दंडाला धरून आत बसवलं. राजूचा नंबर त्यांच्याकडे होता, त्यांनी लावला. तोही कट. मग त्यांचाही चेहरा उतरला, आणि ते बघून माझा धीर पार गेला. मी मोठ्याने रडलो. सिंधूच्या वेळी चारचौघांत रडलो नव्हतो.

माझा फोन बाईंच्या हातात चालूच होता. त्यांनीच बोट दाखवलं. खाली दुसऱ्या संघाची बारी सुरू झाली होती आणि बॉल टाकणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं एस, ए, आय. मला खरं वाटेना. म्हटलं, जुनं असेल, कुणी पुसायचं राहिलं असेल. मग तिच्या नावापुढे के आला. मेलेली, दवाखान्यात नेलेली पोर कुणाला बाद करत नाही. मी बाईंना म्हटलं, "के." त्या म्हणाल्या, "के?" मी तीन बोटं दाखवून हवेत बॅट फिरवली, हुकलो, आणि बाद झाल्याचा हात केला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पुढची मॅच आम्ही दोघांनी तशीच बघितली. दर के आला की बाई माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचो, म्हणजे आहे, अजून आहे.

सगळे घरी आले ते आधी माझ्यावर ओरडतच. मनीषाने ढोल खाली ठेवल्यावर फोन बघितला होता आणि तिचा जीव अर्धा झाला होता, तिला वाटलं मलाच काहीतरी झालं. राजू म्हणाला, "आबा, आज स्कोअर भरायची माझी पाळी होती. माझ्याच फोनवर भरत होतो. तुमचा फोन आला की सगळं अडकायचं, म्हणून कट करत होतो. शेजारणीचाही त्यातच कट झाला."

म्हणजे ती अक्षरं माझ्याच पोराने लिहिली होती. मी त्याला म्हटलं, "तुझ्या पोरीला बॉल लागला आणि तू एचबीपी लिहीत बसलास?"

तो मग म्हणाला, "तुम्हाला ते वाचता येतं?"

सीआर म्हणजे तेवढ्यापुरता दुसऱ्याने पळायचं. मांडीला लागलं होतं, बर्फ लावायला तिला बाजूला बसवलं होतं, एवढंच. सईने हाफपँट वर करून निळा डाग दाखवला. त्यात बॉलच्या शिवणीचे टाके उमटले होते. तिला त्याची ऐट वाटत होती. म्हणाली, "आबा, हे चांगलं आहे. ओबीपी वाढतो." ओबीपी म्हणजे कसंही करून पहिल्या ठिकाणी पोचायची सरासरी, त्यात मार खाल्लेला धरतात. मी तिला एक धपाटा घातला आणि मग सोडलीच नाही बराच वेळ. ती कुरकुरली.

जेवताना राजू हळूच म्हणाला, तुम्हाला एवढा त्रास होत असेल तर ते अ‍ॅप काढून टाकू. बीपीच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या. मी म्हटलं, "हात लावायचा नाही त्याला."

त्याला समजलं नाही, म्हणून इथे लिहितो. तुम्हा कॉलनीतल्यांना समजेल, आणि माझ्यासारखे जे पोरांकडे येऊन राहिलेत त्यांनाही. सिंधू गेल्यावर चिंचवडच्या घरात मला कशाचीच भीती वाटायची नाही. गॅस चालू राहिला तर राहिला. दार उघडं टाकून बाजारात जायचो. रस्ता न बघता ओलांडायचो. तुम्ही म्हणायचात, तात्या धीराचे. धीर नव्हता तो. कुणाचं काही होईल असं राहिलंच नव्हतं. ते घर होतं, माझ्या नावावर होतं, पण घरात शिरलो की नुसत्या भिंती.

तुम्ही फोनवर विचारता, तिकडे घरासारखं वाटतं का. इथली भाषा मला येणार नाही, हवा सोसत नाही, आणि मेल्यावर माझं काय करतील हेही मी कधी विचारलेलं नाही. पण दर शनिवारी सकाळी त्या टेबलाशी बसलो की फोनचं चार्जिंग दोनदा बघतो. तिचं नाव मारायला आलं की मी फोनकडे बघत नाही, मग बघतो. आन्के बाई कधीकधी येऊन बसतात, न ठरवता. घरासारखं वाटतं. फार भीती वाटते.