उत्तनची गाडी, लॅपटॉपवरची

बाबांनी आयुष्यभर बस चालवली, त्यातली बरीच वर्षं भाईंदर ते उत्तन. निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना एकदा गाडी चालवताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी येऊन त्यांनी ते मला सहज, चहा पिता पिता सांगितलं आणि मी ते तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना सांगून टाकलं. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडायला तयारच होते. ते फक्त अधूनमधून भिंतीकडे बघून म्हणायचे, "मला काही झालेलं नव्हतं. उगाच." ते 'उगाच' माझ्यासाठी असायचं.

म्हणून प्रायश्चित्त समजा हवं तर, मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना बस चालवायचा गेम घालून दिला. वाटलं, दोन दिवस खेळतील आणि सोडतील. कसलं काय! चहा झाला की इस्त्रीचा शर्ट घालून माणूस ड्युटीवर हजर. गेममधले रस्ते परदेशी, गाड्या उजव्या बाजूनं चालणाऱ्या, त्यावर त्यांचा कायमचा आक्षेप. तरी समुद्राकाठच्या एका वळणाचं त्यांनी उत्तनच्या वाटेवरच्या चौक गावावरून 'चौकचं वळण' असं बारसं करून टाकलं होतं. मला हसू यायचं आणि मायाही वाटायची.

पण दिवाळीच्या सुमारास लॅपटॉप दमायला लागला. ऐन वळणावर चित्र अडकायचं, पंखा घोंघावायचा आणि पुढच्या क्षणी बस दुभाजकावर. बाबांना अपघातापेक्षा धक्क्याचं वाईट वाटायचं. "माझ्या गाडीत उभा असलेला माणूससुद्धा कधी पडला नाही," म्हणत ते उठून जायचे. शेवटी त्यांनी लॅपटॉप उघडणंच सोडलं. दिवसभर बनियनवर बसून राहायचे.

एका रविवारी मी लॅपटॉप आणि बाबा, दोघांनाही रिक्षात घातलं आणि नवघरहून भाईंदर पश्चिमेला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार गुजराती, भलताच निवांत माणूस.

"भाई, इसमें अच्छावाला ग्राफिक्स कार्ड डालना है. गेम अटकता है," मी म्हटलं.

"बेन, इसमें अलग कार्ड है ही नहीं. ग्राफिक्स बोर्ड पे ही फिक्स है, चेंज नहीं होगा."

"इंजिन बदलत नाही म्हणतोय," बाबांनी मला समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. माझाही.

मग त्यानं खालचं झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवून आत बघतच राहिला. पंख्याच्या पात्यांत तांदळाचे दाणे, झेंडूची सुकलेली पाकळी आणि जाळीवर हळदीचा पिवळाधमक थर. मी बाबांकडे पाहिलं. बाबा रस्त्याकडे पाहायला लागले.

दसऱ्याला ते डेपोत गाडीची पूजा करायचे. यंदा ती त्यांनी, मी ऑफिसात असताना, लॅपटॉपची केली होती. आता जाळी दिसली की बाबांच्या लेखी तो रेडिएटर, आणि पूजा रेडिएटरपासून सुरू होते. हळदकुंकू, फूल, अक्षता, सगळं जाळीतून आत.

"पहिला मान उसकाच होता है," बाबा दुकानदाराला म्हणाले. दुकानदारानं हात जोडले. "अंकल, अगले साल दूर से."

त्यानं पंखा साफ केला, आतली उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. रॅमची एकच पट्टी होती, तिच्या शेजारी दुसरी बसवली. हे ग्राफिक्स रॅमच्याच ताटात जेवतं म्हणे, त्यामुळे त्यालाही पोटभर मिळेल. घरी आल्यावर मी गेममधल्या सावल्या आणि चकचकाट कमी करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री झाली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. गाडी अशी निघाली की काय सांगू! चौकचं वळण त्यांनी पाण्यावरून होडी जावी तसं घेतलं. "बघ, कुणी हललं का?" म्हणाले. मी अगदी खूश होते.

पुढे सरळ रस्ता होता. तिथे त्यांनी वेग कमी केला, सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक लावला.

"परत अडकला का?" मी विचारलं. पण पडद्यावर बाकीच्या गाड्या व्यवस्थित धावत होत्या.

"गाडी नाही अडकली." बाबांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "अंधारी आली जरा."

मी पाणी दिलं. ते थोडं प्यायले, डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "मागे चाळीस माणसं असायची गं."

मला रडू फुटलं. त्यांचा हात धरून मी म्हटलं, "बाबा, संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ," ते म्हणाले. "मला नीट सांगता येत नाही. तूच सांग त्यांना."