आमच्या बोअरचं पाणी

भिवंडीजवळ, दापोड्याच्या बाजूला आमचं घर. थोरला भाऊ शेजारीच वेगळा राहायला लागला, आई माझ्याकडे राहिली, तरी बोअर दोघांत एकच राहिली. वाटणीत आलेली रस्त्याकडची जमीन दादाने गोदामाला दिली. तिथे निळे ड्रम उतरू लागले. कसले ते विचारलं तर म्हणायचा, "कपडा रंगवायचं केमिकल हाय. सील असतंय, आपल्याला त्रास न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याला उग्र वास यायला लागला. कळशीत तवंग धरायचा. मी दादाला दाखवलं. त्याने ओंजळीत घेऊन हुंगलं. "पाइप गंजलाय. पिऊन काय होत न्हाय." वडील गेल्यावर मला त्यानेच शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

आईच्या हातांवर चट्टे उठले. मग तिला अन्न जाईना, उलट्या सुरू झाल्या. भिवंडीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. किडनीवर ताण आलाय, म्हणाले. पाणी कुठलं पिता तेही विचारलं. "पाण्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण ते आजच बंद करा."

हे सांगायला मी थेट दादाकडे गेलो. तो घरी नव्हता. वहिनीने पाणी दिलं. थंड, कसलाच वास नसलेलं. आत विकतच्या पाण्याचे जार उभे होते.

"हे कधीपासून आणता?"

"वरस होईल आता," वहिनी सहज म्हणाली. "गोदामात ड्रम फुटले ना, तवापासून. तुमाला न्हाय सांगितलं यांनी?"

संध्याकाळी दादा आला. जमिनीकडे बघत म्हणाला, "बोभाटा झाला असता तर गोदाम गेलं असतं. वाटलं, पावसात धुऊन जाईल."

"आई पीत होती, दादा."



पाणी तपासायला दिलं. पिण्यालायक नाही, असं कळलं. बोअर बंद झाली, गोदाम मात्र चालू आहे. आम्ही नाक्यावरच्या नळावरून पाणी भरतो. आईचे चट्टे गेले; किडनीची गोळी सुटलेली नाही. तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली.

"सोताच्या पोरांना जपलं त्यानं," ती म्हणाली. "माझी आठवण कशी न्हाय झाली त्याला?"

यंदा गणपतीत दादा आमच्याकडे आरतीला आला. आईने त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. मी प्रसाद न घेताच बाहेर येऊन उभा राहिलो.