बॉनेटवरचं कुंकू

चिखलीहून मेहकरकडं निघालं, की गाव संपता संपता उजव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. त्यावर पाटी नाही. कधीकाळी होती, ती वादळात उडाली आणि पुंजाजीनं पुन्हा लावली नाही. ज्याला यायचं तो येतोच, असं तो म्हणायचा. हल्ली तर ज्याला यायचं त्यानंही येऊ नये, असं त्याला वाटायला लागलं होतं.

पुंजाजी गाड्यांना रंग देत नाही, दिलेला रंग राखतो. गाडी धुवायची, रंगात रुतून बसलेली धूळ क्लेच्या चिकट गोळ्यानं ओढून काढायची, मग कंपाउंडची पेस्ट घासून वरचा मेलेला थर उतरवायचा, आणि खालचा ताजा रंग उघडा पडला की त्यावर आधी सीलंट आणि मग वॅक्स, असे दोन पातळ थर हातानं चढवायचे. सांगायला एवढंच काम. करायला दोन दिवस लागतात, आणि तीस वर्षं केलं की खांदा जातो.

लोक मात्र गाडी भांड्याच्या घासणीनं घासतात, कपड्याच्या पावडरनं धुतात, वरून उन्हात वाळवतात, आणि मग "पुंजाजी, चमक गेली हो" असं म्हणत येतात. जशी काही चमक रुसून माहेरी गेली आणि पुंजाजीनं जाऊन तिची समजूत काढायची. तो हसून मान हलवायचा. अलीकडं हसायचंही राहून जाई.

सगळ्यात मोठा वैताग कुंकवाचा. नवी गाडी दारात आली, की घरातली बाई बॉनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढते. तिथवर ठीक. पण ते पुसायला कुणाचा हात धजत नाही. बाजारातलं गुलाबी कुंकू, त्यावर दिवसभराचं ऊन; संध्याकाळपर्यंत रंग असा आत उतरतो की पुढं वर्षानुवर्षं निघत नाही. पूजा करा, नारळ फोडा, पण तासाभरात पुसून घ्या, असं पुंजाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. कुणी ऐकलं नाही. दोन-चार वर्षांनी तेच लोक तीच गाडी घेऊन येत आणि म्हणत, हा डाग तेवढा काढून द्या. काढून काढून त्याला इतका सराव झाला होता, की शेवटचा हात तो डोळे मिटून फिरवायचा. डोळ्यांना फसवता येतं, बोटांना नाही, असं त्याचं म्हणणं. भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून तो पत्र्यावरून बोटं फिरवी आणि कुठं खरखर राहिली ते बरोबर सांगे.

एप्रिलच्या सुरुवातीला उंद्रीचे भगवंतराव आपली पांढरी गाडी घेऊन आले. सत्तरीचा माणूस, वीस एकरांचा धनी, बोलणं मोजकं. गाडी बारा वर्षांची. गेली दोन वर्षं ती लिंबाच्या झाडाखाली नुसती उभी होती, आणि झाडानं आणि पाखरांनी मिळून तिची पार रया घालवली होती. रंगावर हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी लागत होती.

"दोन दिस लागतीन, भाऊ," पुंजाजी म्हणाला.

"लागू दे. पन एक काम आहे." भगवंतरावांनी बॉनेटच्या मधोमध बोट दाखवलं. तिथं फिकट गुलाबी स्वस्तिक होतं. वाकडं, एक फाटा लांब, एक आखूड, आणि मधले चार ठिपके नव्हतेच. "सारी गाडी तुह्या हवाली. ह्याले तेवढा हात नको लावू."

"लोक तं हेच काढून मांगतात."

"लोकायचं लोकायपाशी. हे आमच्या घरच्यायनं काढेल आहे."

मग त्यांनी सांगितलं. कौशल्याबाईंना, त्यांच्या बायकोला, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं थोडंफार आलं, हात आला नाही. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, म्हणून गाडीही पडून राहिली. आणि परवा आपण होऊन म्हणाल्या, मला मेहकरला बहिणीकडं ने. दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं.

"म्हून म्हटलं, गाडी नीट दिसली पायजे," भगवंतराव म्हणाले. "आन तो हात आता उचलत नाई, पुंजाजी. त्या हातचं घरात दुसरं काई नाई. रांधलं ते खाऊन गेलं, शिवलं ते फाटून गेलं. हे एवढंच उरलं."

पुंजाजीनं हो म्हटलं. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल करून बसलो. वरचा मेलेला थर उतरवल्याशिवाय सीलंट धरत नाही, आणि कुंकू बसलं होतं त्याच थरात. म्हणजे बॉनेट सगळं घासायचं, फक्त त्या रेघांच्या कडेपर्यंत जाऊन थांबायचं, नखाएवढंही पुढं नाही. घासायची मशीन तिथं चालणार नव्हती. सगळं बोटांनी.

पहिला दिवस धुण्यात आणि क्लेत गेला. रस्त्याचं काम चालू होतं, सिमेंटची भुकटी वाऱ्यावर येऊन ओल्या पत्र्यावर बसे, की पुन्हा पाणी मारायचं. दुपारनंतर पुंजाजीचा खांदा बोलायला लागला. डॉक्टरनं सहा महिन्यांमागंच सांगितलं होतं, हात वर उचलायचं काम बंद करा. पुंजाजीला हसू आलं होतं. हात वर न उचलता गाडीचं छप्पर पुसता येतं असं एखादं काम डॉक्टरला माहीत असेल तर त्यानंच करून दाखवावं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वस्तिकाच्या भोवती कागदी टेप लावली, दारं, डिकी, छप्पर आटोपलं आणि बॉनेट शेवटाला ठेवलं. घासता घासता पांढऱ्याखालून पांढरं निघू लागलं, दुधाच्या सायीसारखं. चारच्या सुमाराला फक्त स्वस्तिकाची कड राहिली. टेपच्या काठाशी जुन्या आणि नव्या रंगाची पायरी दिसत होती, ती मोडायची तर टेप काढावी लागणार होती. त्यानं काढली. उजवा हात एव्हाना कोपरापासून थरथरत होता. थांबावं, उद्या करावं, असं मनात आलंही. पण उद्या सकाळी भगवंतराव गाडी न्यायला येणार होते, आणि आयुष्यात पुंजाजीनं दिलेला दिवस कधी चुकवला नव्हता. त्यानं घासायचं पॅड डाव्या हातात घेतलं.

आणि सवयीनं डोळे मिटले.

उजव्या हाताला सगळं ठाऊक होतं. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, किती दाबायचं. डाव्याला काहीच माहीत नव्हतं. चार-पाच वेळा घासल्यावर पुंजाजीनं डोळे उघडले, तर पॅडच्या पांढऱ्या फेसात गुलाबी रेघ होती. स्वस्तिकाचा खालचा एक फाटा गेला होता. तिथला पत्रा कोरा, स्वच्छ, चकचकीत. तीस वर्षांत इतका सुंदर हात त्याच्याकडून क्वचित झाला असेल.

तो तिथंच पाण्याच्या बादलीवर बसला. राग यावा एवढंही अंगात बळ नव्हतं.

घरी आला तेव्हा त्याची बायको रुखमाबाई भाकरी थापत होती. त्याचं तोंड पाहूनच तिनं ओळखलं. जेवता जेवता त्यानं सगळं सांगितलं, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "सकाळी चाल माह्यासंगं. एक फाटा काढून दे. कोनाले काई समजत नाई."

रुखमाबाईनं भाकरी उलटली. "मी देईन काढून. पन ते मी काढेल असन. त्यायच्या हातचं कसं होईन?"

"मंग काय करू?"

"ती बाई मेली काय?"

"नाई."

"जित्या मानसाचं काम दुसऱ्याकून काऊन करून घेता? तिले इचारा ना." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आन खांदा इकडे करा, तेल लावून देतो म्हनलं, तं दोन दिसापासून ऐकून नाई राह्यले."

सकाळी रुखमाबाईला सोबत घेऊन शेडवर आल्यावर पुंजाजीनं फोन लावला. तोंडात आलेलं खोटं गिळून त्यानं नीट सांगितलं, की भाऊ, चूक झाली, एक फाटा पुसला गेला, आणि या, येताना वहिनीला घेऊन या. पलीकडून फोन बंद झाला.

दहाच्या सुमाराला शेडपुढं एक जीप थांबली. भगवंतराव उतरले आणि सरळ बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले. सगळी गाडी आरशासारखी लखलखत होती. तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"एकच गोष्ट सांगतली होती तुले," ते म्हणाले. "एकच."

"हाव, भाऊ."

"दुसरं काई मांगतलं होतं का मी?"

"नाई."

यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर पुंजाजीला सोपं गेलं असतं. भगवंतराव मागं वळले. जीपवाल्याच्या मदतीनं त्यांनी कौशल्याबाईंना उतरवलं आणि रुखमाबाईनं पुढं केलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत गाडीसमोर बसवलं. अंगानं वाळलेली बाई. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. नजर मात्र धडधाकट. त्यांनी बॉनेटकडं पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"हे... अजून हायच?" त्या म्हणाल्या. शब्द जड, पण स्पष्ट.

"म्हनजे?" भगवंतराव.

"किती डाव म्हटलं... पुसा म्हून." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "त्या दिशी... दूध उतू चाललं होतं. घाईत काढलं. वाकडं. ठिपके बी... ऱ्हायले." आणि नवऱ्याकडं बघून, "तुमी हे... राखून ठुलं?"

भगवंतराव रस्त्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत एवढीच त्यांची धडपड होती.

कौशल्याबाईंनी डावा हात पुढं केला. "कुंकू हाय का?"

रुखमाबाईनं पिशवीतून डबी काढली. ती सकाळी घरून निघतानाच तिनं टाकली होती, नवऱ्याला न सांगता. पुंजाजीनं डबी उघडून चिमूट बोटावर चोळली.

"हे कोनतं व?"

"बाजारातलं. गुलाबी."

"मंग बराबर," पुंजाजी म्हणाला.

ताटलीत कुंकू कालवलं. खुर्ची बॉनेटला भिडवली. कौशल्याबाईंनी डाव्या हाताचं बोट बुडवलं आणि कोऱ्या पत्र्यावर टेकवलं. भगवंतराव त्यांचा हात धरायला वाकले, तर त्यांनी कोपरानं त्यांना बाजूला केलं. एक रेघ ओढायला त्यांना एवढा वेळ लागला, की जीपवाला दोनदा घड्याळ बघून गेला. रेघ खाली घसरली, मग वर सावरली. मग त्यांनी ठिपके दिले. तीन जागेवर पडले, चौथा बाहेर गेला. बारा वर्षांपूर्वी राहिलेलं काम उरकून त्या खुर्चीत मागं टेकल्या. कपाळावर घाम होता.

"आता... पुसशीन?" त्यांनी पुंजाजीला विचारलं.

"नाई, वहिनी."

नव्यानं घासलेला, उघडा पत्रा. वर ना सीलंट, ना वॅक्स. कुंकू आत उतरायला याहून सोपी जागा नाही, हे पुंजाजीइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यानं जीपवाल्याला हाताशी घेतलं आणि गाडी शेडमधून ढकलत भर उन्हात आणली. मग शेडजवळच्या एका लिंबाच्या सावलीत दुसरी खुर्ची टाकून तो बसला.

"आता काय?" भगवंतरावांनी विचारलं.

"आता काईच नाई. सांजपर्यंत ऊन खाऊ द्या."

जीप निघून गेली. रुखमाबाईनं भाकरी-ठेचा सोडला, चौघांनी खाल्लं. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. पुंजाजी उठला नाही. किती महिन्यांनी त्याचा हात असा दिवसभर मांडीवर पडून होता. दुपारी कौशल्याबाईंनी त्या हाताकडं बराच वेळ पाहिलं.

"तुहा बी... गेला का?"

"गेला नाई, वहिनी. थकला."

"मंग... बसव त्याले," त्या म्हणाल्या.

ऊन उतरल्यावर पुंजाजीनं तांब्याभर पाणी घेतलं आणि बॉनेटवर हळूच सोडलं. कुंकवाचं पाणी गुलाबी धारेनं खाली वाहिलं, नंबरप्लेटवरून जमिनीवर ठिबकलं. भगवंतराव पुढं वाकून बघत होते. दुसरा तांब्या. पाणी स्वच्छ व्हायला लागलं. तीन जुने फाटे होते तसेच, फिकट. चौथा त्यांच्यापेक्षा गडद, वाकडा, आणि चार ठिपके. पुंजाजीनं ओलं फडकं एकदा टेकवलं आणि उलटून पाहिलं. फडकं पांढरंच होतं.

"बसलं," तो म्हणाला.

"वेगळं दिसते," भगवंतराव म्हणाले.

"दिसू द्या," कौशल्याबाई म्हणाल्या.

पत्रा कोरडा झाल्यावर पुंजाजीनं सीलंटची बाटली उघडली. उजवा हात उचलून पाहिला, खांद्यापाशी अडला. मग त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांना फडकं गुंडाळलं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून, न घासता, नुसतं टिपत टिपत, त्या डागावर पहिला थर चढवायला घेतला.